कचोरी वरून खमंग, खालून गार!

शेगावची कचोरी घरी आणली की ती पुन्हा गरम कशी करायची, हा आमच्या खामगावच्या घरातला नेहमीचा प्रश्न. तव्यावर ती कडेने गार राहते, मायक्रोवेव्हमध्ये मऊ पडते. विजेच्या ओव्हनमध्ये दीडशे अंशांवर सात-आठ मिनिटं ठेवली, तर मात्र तिचं आवरण पुन्हा कुरकुरीत होतं. गेल्या पावसाळ्यात पाहुणे आले, कचोऱ्या ओव्हनमध्ये गेल्या आणि बाहेर आल्या त्या वरून खमंग, खालून गार. बिघाड कुठे आहे, हे त्या कचोरीनंच सांगितलं होतं. वरचा रॉड चालू होता, खालचा बंद पडला होता.

दुसऱ्या दिवशी वायरमन भाऊ आले. मीटर लावलं आणि दोन मिनिटांत म्हणाले, "काई नाई झालं ताई, खालचा रॉड गेला. बाकी ओव्हन चांगला हाये." त्याआधी घरातल्या निम्म्या मंडळींनी तो भंगारात द्यायचं ठरवूनही टाकलं होतं. तेव्हापासून मी या रॉडच्या मागेच लागले. वाचलं, विचारलं, जुना रॉड कापून आत काय आहे तेही पाहिलं. त्यात जे गमतीचं आणि कामाचं सापडलं, ते सगळं इथे मांडते.

चांदीचा रॉड केला तर?

आमचं खामगाव चांदीसाठी प्रसिद्ध, लोक त्याला रजतनगरी म्हणतात. सगळ्या धातूंमध्ये वीज सर्वांत सहज वाहून नेणारा धातू चांदीच. मग ओव्हनच्या रॉडमधली तार चांदीची केली तर ओव्हन जास्त तापेल, असं वाटणं साहजिक आहे. घडेल ते उलटंच. तार तापते ती विजेला अडवल्यामुळे. ब्रिटनच्या जेम्स जूलनं १८४०च्या सुमारास हे मोजून दाखवलं: तारेतला प्रवाह आणि तिचा अडथळा यांवर उष्णता ठरते. ओव्हनमधल्या तारेचा अडथळा तेवढ्याच लांबी-जाडीच्या चांदीच्या तारेपेक्षा सुमारे सत्तरपट असतो. तिच्या जागी चांदी बसवली तर विजेला वाट मोकळीच मिळेल आणि नानकटाई भाजण्याआधी घरची एमसीबी पडेल.

अडवणारी ती तार म्हणजे नायक्रोम. साधारण ८० टक्के निकेल आणि २० टक्के क्रोमियम. अमेरिकेतल्या अल्बर्ट मार्श यांना १९०६ मध्ये तिचं पेटंट मिळालं. त्याआधी लोखंडाची तार लाल केली की हवेतला ऑक्सिजन ती खाऊन टाकायचा आणि तिचे पापुद्रे निघायचे. प्लॅटिनम टिकायचं, पण त्याचा ओव्हन कोणाला परवडणार? नायक्रोमची खुबी तिच्यातल्या क्रोमियमात आहे. तार तापली की पृष्ठभागावरचं क्रोमियम ऑक्सिजनशी जुळून एक पातळ, घट्ट साय धरतं आणि तीच साय आतल्या धातूची राखण करते. म्हणजे हलकासा गंज चढू देऊन मोठा गंज थांबवणारी तार! आपल्या घरातला टोस्टर, इस्त्री, हेअर ड्रायर यांच्यातली ऊब बहुतेक वेळा याच कुळातल्या तारेची असते.

चांदी ९६२ अंश सेल्सिअसला वितळते. नायक्रोम तग धरते ती थेट १४०० अंशांच्या आसपासपर्यंत. आमच्या बुलडाणा जिल्ह्याची जमीन ज्या काळ्या पाषाणाची आहे, तो बेसॉल्ट लाव्हा म्हणून वाहतो तेव्हा त्याचं तापमान साधारण ११०० ते १२०० अंश असतं. म्हणजे दख्खनचा पाषाण वितळून वाहत असताना त्यात ओव्हनची तार बुडवली असती, तरी ती वितळली नसती. लोणारला मात्र तिचा निभाव लागला नसता. तिथे आकाशातून आलेल्या अशनीनं सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचं विवर पाडलं, तेव्हा हाच बेसॉल्ट क्षणात वितळून त्याची काच झाली. त्या काचेचे नमुने जगभरच्या शास्त्रज्ञांनी अभ्यासले आहेत.

रॉडच्या पोटातली पांढरी पूड

रॉड दिसतो भरीव, पण ती नळी असते. बाहेर स्टीलचं कवच, मधोमध नायक्रोमची वळीदार तार आणि दोघांच्या मध्ये ठासून भरलेली पांढरी पूड, म्हणजे मॅग्नेशियम ऑक्साइड. मी जुना रॉड कापला तेव्हा ती खडूच्या चुऱ्यासारखी कागदावर सांडली आणि मला तिचं फार कौतुक वाटलं. कारण ही पूड उष्णता बाहेर जाऊ देते आणि वीज मात्र आतच ठेवते. एरवी उष्णता नीट वाहून नेणारे पदार्थ बहुतेक धातू असतात आणि ते वीजही तितक्याच सहज नेतात. दोन्ही गुण वेगळे करणारे पदार्थ थोडे. त्यातून ही पूड वितळते २८०० अंशांच्या वर. तिच्याचमुळे ओव्हनच्या लाल रॉडचं बाहेरचं कवच विजेपासून सुरक्षित राहतं.

तिचा एकच दोष: ती ओल शोषून घेते. रॉडच्या टोकाचं सील सैल झालं की पावसाळ्याची दमट हवा आत शिरते, ओल्या पुडीतून थोडी वीज कवचापर्यंत झिरपते आणि घरातलं गळती पकडणारं स्विच, म्हणजे आरसीसीबी, खटकन पडतं. चार महिने कपाटावर ठेवलेला ओव्हन गणपतीत काढला आणि लावताक्षणी घरभर अंधार झाला, तर संशय आधी या ओलीवर घ्यावा. स्विच पुन्हा पुन्हा वर करून बघणं धोक्याचं आहे. ते स्विच तुमचा जीव वाचवण्यासाठीच पडत असतं. जाणत्या माणसाकडून रॉड तपासून घ्यावा. नुसती ओल असेल तर तो रॉड वाळवून पुन्हा कामाला लागतो.

रॉड ठणठणीत, तरी केक कच्चा

रब्बीत शेतातले पंप एकदम चालू झाले की एकाच लाइनवरच्या गावांत व्होल्टेज पडतं, हे आपल्याकडे कोणाला सांगायला नको. बल्ब मिणमिणतो, पंखा रेंगाळतो. ओव्हनचं मात्र काही दिसत नाही, तो गुपचूप गार पडतो. किती, याचा हिशोब थक्क करणारा आहे. रॉडची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३० व्होल्टला १५०० वॅट देणारा रॉड १८० व्होल्टला जेमतेम ९२० वॅट देतो. व्होल्टेज पाव हिश्श्यापेक्षाही कमी उतरलं, पण उष्णता जवळजवळ चाळीस टक्क्यांनी घटली! अशा वेळी केक बसला तर दोष बेकिंग पावडरला देऊ नका आणि रॉडही बदलू नका. संध्याकाळी फसलेलं तेच मिश्रण दुपारी करून बघा.

याच्या उलटही घडतं आणि ते जास्त वाईट. डीपीवर किंवा खांबावर न्यूट्रलची तार सुटली, तर एखाद्या घरात व्होल्टेज २३० वरून चढत ४०० च्या घरात जाऊ शकतं. तेव्हा रॉडवर तिप्पट ताकद येते. बल्ब एकाएकी पांढरेफटक झाले, पंखा सुसाट सुटला, की पळत जाऊन मेन स्विच बंद करावा. तेवढ्यानं घरातली बरीच उपकरणं वाचू शकतील.

लाल दिसत नाही म्हणजे गेला?

नाही. कोणताही घन पदार्थ साधारण ५२५ अंशांना अंधारात मंद लाल दिसू लागतो, हे जॉन ड्रेपर यांनी १८४७ मध्ये नोंदवलं. त्या तापमानाला आजही ड्रेपर बिंदू म्हणतात. गंमत अशी की लोखंड असो, चिनी माती असो की नायक्रोम, सगळ्यांची लाली जवळपास त्याच अंशाला उगवते. रॉड पाचशे अंशांवर असेल तर तुम्हाला काळाच दिसेल, पण हात भाजून निघेल. शिवाय ओव्हन हवे तेवढे अंश गाठल्यावर थर्मोस्टॅट रॉड बंद करतो आणि हवा निवली की पुन्हा चालू करतो. मधूनमधून येणारा 'टक्' हा आवाज त्याचाच. त्यामुळे भाजणीच्या ऐन मध्यावर रॉड काळा दिसला तर घाबरू नका. थंड ओव्हन पूर्ण अंशांवर लावून पहिल्या पाच मिनिटांत बघा.

बिघाड शोधायची मजा

इथे मला सर्वांत जास्त रमायला आवडतं, कारण थोडं डोकं लावलं की घरबसल्या निदान होतं.

आधी आतल्या दिव्याकडे बघा. दिवाच लागत नसेल तर रॉडचा विचार सोडा; सॉकेट, पिन आणि वायर तपासा. दिवा लागतो, पण वर-खाली दोन्हीकडे गार, मग बहुधा टायमर, थर्मोस्टॅट किंवा जास्त तापल्यावर तुटणारा कट-आउट. यातला टायमर फार लोकांना फसवतो. बऱ्याच घरगुती ओव्हनांत टायमरची चावी फिरवल्याशिवाय रॉडला वीज जातच नाही. दुरुस्तीला आणलेला ओव्हन नुसती चावी फिरवून चालू केल्याचे किस्से कोणत्याही दुकानात ऐकायला मिळतील. फक्त एकच बाजू गार असेल, तर त्या बाजूचा रॉड, त्याची वायर किंवा सिलेक्टर स्विच.

एका बाजूचे दोन्ही रॉड एकदम बंद पडले तर दोन्ही जळाले असं समजू नका. कित्येक छोट्या ओव्हनांत ते दोघे दिवाळीच्या जुन्या माळेसारखे एकामागे एक जोडलेले असतात. एक तुटला की दुसरा धडधाकट असूनही गप्प बसतो.

आता ब्रेडची युक्ती. जाळीवर ब्रेडचे काप एकमेकांना चिकटून मांडा, ओव्हन १८० अंशांवर दहा मिनिटं चालवा आणि काप उलटेसुलटे करून बघा. ब्रेड तांबूस होतो तो साधारण १४० अंशांच्या पुढे, साखर आणि प्रथिनं एकमेकांशी जुळल्यामुळे. फ्रान्सच्या लुई कामिय मायार यांनी १९१२ मध्ये या क्रियेचं वर्णन केलं. त्यामुळे जिथे काप पांढरा राहिला, तिथे उष्णता पोचली नाही. खाता येणारा नकाशाच हा! थर्मोस्टॅट खरं बोलतो का हे बघायला साखर पुरते. शुद्ध साखर १८६ अंशांना वितळते. वाटीत चमचाभर साखर ठेवून ओव्हन १७५ वर पंधरा मिनिटं चालवला तर ती कोरडी राहायला हवी, १९० वर चालवला तर वितळायला हवी. दोन्ही रॉड तापत असूनही तसं होत नसेल, तर बहुधा चावीवरचे आकडे चुकलेत.

मग डोळ्यांची तपासणी. प्लग सॉकेटमधून काढा, ओव्हन पूर्ण निवू द्या आणि बॅटरीच्या उजेडात रॉड न्याहाळा. फोड, बारीक छिद्र, वितळून आलेला थेंब किंवा काळवंडलेलं टोक दिसलं तर गुन्हेगार सापडला.

काहीच दिसलं नाही तर मीटर. रॉडच्या एका टोकाची वायर सोडवायची, म्हणजे दुसऱ्या वाटेनं खोटं उत्तर येत नाही, आणि दोन्ही टोकांना मीटरच्या सळ्या लावायच्या. १००० वॅटचा रॉड सुमारे ५३ ओहम दाखवतो, १५०० वॅटचा ३५, ७५० वॅटचा ७०. मीटर काहीच दाखवत नाही म्हणजे आतली तार तुटली. एक सळी टोकाला आणि दुसरी बाहेरच्या कवचाला लावल्यावर मात्र मीटरनं काहीही दाखवता कामा नये. दाखवलं, तर तो रॉड तापत असला तरी काढून टाका, कारण त्याची वीज ओव्हनच्या अंगावर येते.

खिशातल्या टेस्टरवर मात्र विसंबू नका. तुटलेल्या रॉडच्या एका टोकाला फेज असतोच, तिथे टेस्टर छान पेटतो आणि रॉड चांगला असल्याचा भास होतो. जुने वायरमन म्हणूनच सिरीज बोर्ड वापरतात: शंभर वॅटचा पिवळा बल्ब आणि दोन वायरी. रॉड चांगला असेल तर बल्ब जवळपास पूर्ण पेटतो. ही पद्धत अचूक आहे, पण तिच्यात उघडी जिवंत वायर हाताशी असते. ती ज्यांचं काम आहे त्यांनीच करावी.

आणि एक गोष्ट ठळक अक्षरांत वाचा: हे सगळं साध्या ओव्हनचं झालं. मायक्रोवेव्हचं झाकण घरी कधीही उघडू नका. त्याच्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही जीवघेणा दाब साठून राहू शकतो. साध्या मायक्रोवेव्हमध्ये तर जेवण तापवणारा रॉडच नसतो.

आकडा घालून जोडलेली कॉइल

कॉइलची शेगडी ज्यांनी वापरली, त्यांना हे आठवेल. कॉइल तुटली की दोन्ही टोकं ओढून एकमेकांत आकडा घालायचा आणि शेगडी पुन्हा लाल. ती आधीपेक्षा जास्त लाल व्हायची आणि घरच्यांना बरं वाटायचं. पण तारेचा दहावा हिस्सा वाया गेला की प्रवाह अकरा टक्क्यांनी वाढतो. जोडाच्या जागी तारेची ती ऑक्साइडची साय आड येते, तिथे ठिणग्या पडतात आणि आठवडाभरात तार त्याच ठिकाणी पुन्हा तुटते. बंद रॉडला तर असा जोड देताच येत नाही. तो बदलायचाच. बदलताना वायरीच्या टोकाची जळकी थिंबलही नवी घाला, नाहीतर ती नव्या रॉडचं टोकही जाळेल. आतल्या वायरीला काचेच्या धाग्याची स्लीव्ह हवी. घरातल्या फिटिंगची पीव्हीसी वायर साधारण ७० अंशांपर्यंतच टिकते, ओव्हनच्या भिंतीआड ती वितळून जाईल.

रॉडच्या खाली ॲल्युमिनियम फॉइल अंथरायची सवयही सोडा. रॉडला चिकटली तर तो तेवढ्याच जागी जास्त तापतो आणि तिथेच फुटतो.

तिसरी पिन लांब का?

आपल्या प्लगची वरची पिन बाकी दोघींपेक्षा जाड आणि लांब असते. लांब अशासाठी की प्लग आत जाताना अर्थिंग सर्वांत आधी जोडलं जावं आणि काढताना सर्वांत शेवटी सुटावं. रॉड फुटून वीज बॉडीला आली, तर तिला जमिनीत नेणारी ही एकच वाट. ती पिन जोडलीच जात नाही असा कन्व्हर्टर लावला की ती वाट बंद. उन्हाळ्यात तीच वाट जमिनीतही अडते. शेगाव-खामगावकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, जमीन भेगाळते आणि अर्थिंगचा कोळसा-मिठाचा खड्डा कोरडा ठणठणीत पडतो. कोरडी जमीन वीज नीट घेत नाही. उन्हाळ्यात त्या खड्ड्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओतणं हे घरातलं सर्वांत स्वस्त संरक्षण आहे.

सॉकेटचंही तसंच. १५०० वॅटचा ओव्हन साडेसहा अँपिअर ओढतो, म्हणजे ६ अँपिअरच्या छोट्या सॉकेटच्या मर्यादेबाहेर. त्याला १६ अँपिअरचंच सॉकेट हवं.

खारपाणपट्ट्यातला भाऊबंद

ओव्हनच्या रॉडचा सख्खा भाऊ बादलीतल्या हीटरमध्ये आणि गीझरमध्ये असतो. तीच तार, तीच पांढरी पूड. पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात, संग्रामपूर-जळगाव जामोदच्या बाजूला, बोअरचं पाणी क्षारांनी भरलेलं. पाणी तापलं की त्यातला चुना रॉडवर बसतो. तो थर उष्णता पाण्यात जाऊ देत नाही, रॉड आतल्या आत जास्त तापतो आणि फुटतो. हीटर काढून, निववून, पाण्यात विरघळवलेल्या लिंबूफुलात त्याची नळी थोडा वेळ बुडवली की चुना सुटून येतो. टोकं मात्र कोरडी ठेवायची.

कोळशापासून कचोरीपर्यंत

शेगावहून अकोल्याकडे निघालं की वाटेत पारस लागतं. तिथल्या औष्णिक वीज केंद्राचे २५० मेगावॅटचे दोन संच आहेत. दोन्ही पूर्ण ताकदीनं चालले, तर १५०० वॅटचे तीन लाखांहून जास्त ओव्हन एका वेळी तापवता येतील. विजेवरच्या स्वयंपाकाचा एक जुना किस्सा मात्र पार कॅनडातला. ओटावात टॉमस अहर्न यांनी १८९२ मध्ये तिथल्या विंडसर हॉटेलात आख्खं जेवण विजेच्या ओव्हनवर करून पाहुण्यांना वाढलं. तेव्हा नायक्रोमचा शोधही लागलेला नव्हता.

आपले रोडगे याहून कितीतरी जुने. गोवऱ्यांच्या आरात भाजलेला रोडगा सोळाव्या शतकातल्या संत एकनाथांच्या भारुडातही नवसाला आलेला आहे. आमच्या घरी हल्ली रोडगे ओव्हनमध्ये होतात. गोवरीचा वास त्यांना येत नाही, आणि तो येणारही नाही. पण वरून-खालून सारखे भाजून निघतात.

आमच्या ओव्हनला नवा रॉड बसला तो अर्ध्या तासात. तुमचाही ओव्हन एका बाजूनं गार पडला असेल, तर भंगारवाल्याला हाक मारायच्या आधी एकदा ब्रेड भाजून बघा. आणि दुकानात रॉड आणायला जाल तेव्हा जुना सोबत न्या. लांबी, वॅट आणि टोकांची ठेवण, तिन्ही जुळली तरच नवा घ्या.